रेघ आधी की अक्षर आधी?

मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही 'कमळ' हा शब्द लिहायला सांगा आणि कागदाकडे न बघता हाताकडे बघा. आधी क उमटेल, मग म, मग ळ. तिन्ही अक्षरं क्षणभर उघड्या डोक्याने उभी राहतील. मग हात मागे डावीकडे येईल आणि तिघांवरून एक आडवी रेघ ओढेल. काही जण प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ मारतात, पण तीही अक्षर झाल्यावरच. रेघ शेवटी मारायची हे कुणी नियम म्हणून पाठ केलेलं नसतं. बाईंनी पाटीवर हात धरून गिरवून घेतलेलं असतं आणि ते वळण जन्मभर टिकतं.

आता डहाणूहून निघा, तलासरी मागे टाका आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचं आच्छाड ओलांडा. पुढे गुजरातची हद्द. तिथेही कमळाला कमळच म्हणतात. तीच तीन अक्षरं, शेवटी तोच ळ. क थोडा बदललेला दिसतो, म आणि ळ मात्र चटकन ओळखू येतात. पण तिथलं पोर अक्षरं लिहून मोकळं होतं. वर रेघ नाहीच. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात दोन्ही लिप्यांच्या पाट्या रोजच्या बघण्यातल्या, त्यामुळे एकीच्या डोक्यावर रेघ का आणि दुसरीच्या का नाही, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही.

तिसरी तऱ्हा जुन्या ट्रंकेत सापडते. मराठी मुलखात शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं खरेदीखत, कर्जरोखा किंवा एखादं घरगुती पत्र निघालं, तर ते बऱ्याचदा मोडीत असतं. मोडी लिहिणारा अक्षराला हात घालण्याआधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घ्यायचा. मग त्या रेघेखाली अक्षरं एकामागून एक उतरत जायची. म्हणजे देवनागरीत रेघ शेवटी, मोडीत सर्वांत आधी आणि गुजरातीत कधीच नाही. तिन्ही लिप्या एकाच घराण्यातल्या, आणि एका साध्या रेघेबद्दल तिघींची तीन मतं.

कोणती रेघ आधी आणि कोणती नंतर, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारला नाही. चीनमध्ये मात्र त्याचं शास्त्र झालं.

डहाणूजवळच्या वाढवणला मोठं बंदर बांधायचं ठरलं आहे. त्याचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झालं. अशा बंदरांत समुद्रमार्गाने येणाऱ्या कित्येक कंटेनरांवर चिनी अक्षरं असतात, आणि ती पहिल्यांदा बघणाऱ्याला लिपीपेक्षा नक्षी वाटतात. चौकटी, फुल्या, तिरक्या काड्या, मधेच एखादा ठिपका. याला सुरुवात कुठली आणि शेवट कुठला? गंमत म्हणजे प्रत्येक अक्षराला सुरुवात ठरलेली आहे, शेवट ठरलेला आहे आणि मधली प्रत्येक पायरीही. चिनी मुलाला अक्षर शिकवताना त्याचा आकार, उच्चार आणि अर्थ यांच्यासोबत चौथी गोष्ट शिकवतात ती रेघांचा क्रम.

रेघांचे मूळ प्रकार मोजके आहेत. शाळेत आणि कोशात त्यांचे पाच गट करतात. आडवी रेघ ती हंग, उभी ती शू, डावीकडे खाली घसरणारी ती फ्ये, ठिपका तो त्येन आणि मधे वळणारी कोणतीही रेघ ती च. अक्षर कितीही गुंतागुंतीचं असलं तरी ते या पाचांतूनच बनतं. त्यांना लावायचे नियमही हाताच्या बोटांवर मोजता येतात. वरून खाली. डावीकडून उजवीकडे. आडवी आणि उभी एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी. डावीकडे घसरणारी तिरकी आधी, उजवीकडची नंतर. मधला खांब आणि दोन बाजूंचे ठिपके असतील तर खांब आधी. चौकटीत काही असेल तर चौकट आधी, आतला ऐवज नंतर, आणि चौकटीची तळरेघ सर्वांत शेवटी. या शेवटच्या नियमासाठी चिनी शिक्षक मुलांना सांगतात, आधी माणसं आत घ्या, मग दार लावा.

हे दार लावणं जवळून बघू. 'देश' या अर्थाचं चिनी अक्षर क्वो. सध्याच्या सोप्या रूपात त्यात एक चौकट आहे आणि आत जेड या मौल्यवान दगडाचं अक्षर. एकूण आठ रेघा. पहिली रेघ चौकटीची डावी भिंत, वरून खाली. दुसरी रेघ छतावरून उजवीकडे जाते आणि हात न उचलता कोपऱ्यात वळून उजवी भिंत होऊन खाली उतरते. आपल्याला त्या दोन रेघा वाटतात, चिनी हिशेबात ती एकच. मग आत शिरायचं. दोन आडव्या रेघा एकीखाली एक, त्यांना छेदणारी उभी, तिच्या पायाशी तिसरी आडवी आणि कोपऱ्यात एक ठिपका. सात झाल्या. आठवी रेघ चौकटीचा तळ, म्हणजे दार. चौकट आधी पूर्ण करून मग आत काम करणारं मूल बाईंच्या नजरेतून सुटत नाही. कागदावरचं अक्षर शेवटी सारखंच दिसत असलं, तरी ते चुकीचं लिहिलं गेलं असं मानतात.

इथे आपल्या मनात पहिली शंका येते. कागदावर फरक दिसत नसेल तर एवढा आग्रह कशाला?

पहिलं उत्तर हाताच्या सोयीचं. चिनी लेखन शतकानुशतकं ओल्या शाईच्या कुंचल्याने, उभ्या ओळींत, वरून खाली होत आलं. कागदाआधी बांबूच्या अरुंद पट्ट्यांवर लिहीत, तेव्हाही ओळ उभीच. अशा ओळीत दहा या आकड्याचं अक्षर लिहून बघा. ते अधिकच्या चिन्हासारखं दिसतं. आडवी रेघ आधी मारून उभी नंतर ओढली, तर हात आपोआप खाली पोचतो, आणि पुढचं अक्षर खालीच सुरू होणार असतं. उलट केलं तर दर अक्षराला हात मधूनच परत आणावा लागेल. एका अक्षरात हे क्षुल्लक, दिवसभर नक्कल करणाऱ्या लेखनिकाला नाही.

दुसरं उत्तर आठवणीचं. २०१३ साली चीनच्या सरकारी टीव्ही वाहिनीवर शाळकरी मुलांसाठी अक्षरं हाताने लिहून दाखवायची स्पर्धा सुरू झाली आणि ती कमालीची गाजली. कारण घराघरातल्या मोठ्यांना एकच दुखणं सतावत होतं. पेन उचलला की अक्षर विसरतं. या तक्रारीसाठी चिनीत चार अक्षरांचा वाक्प्रचारच आहे. मोबाइलवर उच्चार टाइप केला की अक्षरं पडद्यावर येतात, त्यातून निवडायचं. त्यामुळे ओळखता येतात, लिहिता येत नाहीत. अडलेला माणूस अशा वेळी हवेत किंवा तळहातावर बोट फिरवतो आणि अक्षर बोटातून परत येतं. जपानी लोकही चिनी मुळाची कांजी अक्षरं वापरतात. तिथे १९८०च्या दशकात यावर प्रयोग झाले. अक्षराचे सुटे भाग सांगून पूर्ण अक्षर ओळखायला लावलं, तेव्हा बोट फिरवायची मुभा असलेल्यांना ते बरंच सोपं गेलं. ज्यांना बोट फिरवायला मनाई होती, ती माणसं अडखळली. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात चिनी मुलांवरचा एक अभ्यास आला. चिनी वाचनाचं कौशल्य लेखनाच्या कौशल्याशी घट्ट बांधलेलं आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. हजारो अक्षरं चित्रं म्हणून डोक्यात ठेवणं अवघड. ठरलेल्या क्रमाची हालचाल म्हणून ती हातात ठेवता येतात.

तिसरं उत्तर मला सर्वांत मोलाचं वाटतं. तिथे जायला आपल्याच जिल्ह्यातून एक वळसा घ्यावा लागेल.

पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यात, सोपारा आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथे मिळाला. इसवीसनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातली ही ब्राह्मी लिपी. आपल्या देवनागरीची, गुजरातीची आणि मोडीची ती पूर्वज. तिची अक्षरं डोळे भरून बघितली तर एक गोष्ट ठळक जाणवते. डोक्यावर रेघ नाही. क म्हणजे साधं अधिकचं चिन्ह. चिन्यांच्या दहासारखंच, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मग रेघ आली कुठून?

ती लेखणीतून आली. चपट्या टोकाची लेखणी शाईत बुडवून पृष्ठभागावर टेकली की पहिल्या स्पर्शाला थोडी जाड खूण उमटते. पुढच्या शतकांत ब्राह्मीच्या अक्षरांच्या माथ्यावर ही खूण दिसू लागली. कोरक्यांनी ती शोभा म्हणून दगडावरही कोरली. हळूहळू ती ठिपक्याची पाचर झाली, पाचरेची आडवी काडी झाली. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास नागरीतल्या या काड्या अक्षराच्या रुंदीएवढ्या पसरल्या, आणि पुढे शेजारच्या अक्षरांच्या काड्या एकमेकींना भिडून शब्दभर एक रेघ झाली. वाढवणच्या शेजारच्या चिंचणी गावात १९५५ साली ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. सोपारा आणि चिंचणी ही एकाच जिल्ह्यातली दोन गावं. त्यांच्या लेखांमध्ये सुमारे बाराशे वर्षांचं अंतर आहे, आणि बिनरेघी ब्राह्मीपासून नागरीपर्यंतचा लिपीचा प्रवास याच अंतरात घडला.

ही लेखणीची पहिली खूण समुद्रापलीकडेही गेली. बौद्ध ग्रंथांबरोबर भारतीय अक्षरं चीनमध्ये पोचली ती सिद्धम् नावाच्या रूपात. सातव्या शतकात इत्सिंग हा चिनी भिक्षू भारतात येऊन नालंदेला शिकला. इथली मुलं सहाव्या वर्षी अक्षरं शिकायला घेतात आणि सहा महिन्यांत पुरी करतात, असं त्याने नोंदवलं आहे. चिनी भिक्षूंनी ही अक्षरं त्यांच्या पद्धतीने, म्हणजे कुंचल्याने आणि क्रमाने शिकायला घेतली. पुढे जपानच्या शिंगोन पंथाने ती जपली आणि तिथे ती आजही लिहिली जातात. सिद्धम् लिहिताना अक्षराच्या माथ्यावर कुंचल्याचा पहिला छोटा स्पर्श करतात. त्याला जपानी लोक प्राणबिंदू अशा अर्थाचं नाव देतात, आणि अक्षर तिथून खाली उतरतं. आपल्याकडे तीच खूण वाढून शेवटी मारायची रेघ झाली, त्यांच्याकडे ती पहिलाच स्पर्श राहिली.

आता घाईच्या हाताकडे वळू.

हिशेब, वसुलीच्या नोंदी, लष्करी निरोप, बाजारभाव हे सगळं झपाट्याने लिहावं लागतं. झपाट्याने लिहिताना सर्वांत जास्त वेळ लिहिण्यात जात नाही, हात उचलण्यात जातो. देवनागरी दर अक्षराला हात उचलायला लावते आणि शब्द संपला की रेघेसाठी परत मागे नेते. यावर गुजराती व्यापाऱ्यांनी रेघच टाकून दिली. गुजरातेत पोथ्या देवनागरी वळणाने, रेघेसह लिहीत. वह्या-चोपड्यांतलं लेखन बिनरेघी. पुढे तेच बिनरेघी वळण छापखान्यात गेलं आणि आजची गुजराती लिपी झाली. मराठी कारकुनांनी दुसरा मार्ग काढला. रेघ ठेवली, पण ती एकदाच, आधीच ओढून घेतली. रेघेचा प्रश्न ओळीच्या सुरुवातीलाच मिटला, आता बोरू फक्त पुढे धावणार.

मोडीची परंपरा देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्याशी जोडली जाते. तेराव्या शतकातला हा माणूस. लिपी एका माणसाने घडवली की कारकुनांच्या घाईतून ती घडत गेली, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण शिवकाळापासून पेशवाईपर्यंत मराठी राज्याचा कारभार मोडीत चालला आणि इंग्रजी अमलातही ती शाळांत शिकवत, यात वाद नाही. मोडी बघितली की तिच्यामागची घाई लगेच जाणवते. देवनागरीची दांडी जिथे खाली उतरून थांबते, तिथे मोडी वळसा घेऊन पुढे निघते. ह्रस्व-दीर्घाचा भेद तिने जवळजवळ सोडून दिला. दोन शब्दांत मोकळी जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. वारंवार येणारे शब्द आखडून लिहायचे. राजश्री म्हणजे रा, पुढे दोन उभ्या दांड्या. मुक्काम म्हणजे मु आणि तशाच दांड्या. हिजरी तारखेच्या आधी नुसता छ.

रेघ आधी आली की अक्षरांचा स्वभावही बदलतो, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. देवनागरीत घ आणि ध, तसेच म आणि भ, वेगळे ओळखायची एक खूण म्हणजे डोक्यावरची रेघ. घ आणि म यांच्यावर ती अखंड असते, ध आणि भ यांच्यावर ती तुटते. रेघ शेवटी मारतो म्हणून हे जमतं. हात ध वर आला की क्षणभर उचलायचा. मूल एका दमात रेघ ओढतं तेव्हा धनचा घन होतो. मोडीत रेघ आधीच कागदभर अखंड पडलेली. तिथे ही खूण ठेवायला जागाच नाही. म्हणून मोडीत या जोड्यांतला फरक अक्षराच्या अंगातच असावा लागतो. एक रेघ कधी मारायची, एवढ्या निर्णयाने लिपीची घडण बदलली.

चीनमध्येही घाईचा हात होताच. हान राजवटीच्या काळापासून, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपासून, तिथे त्साओ-शू नावाची धावती शैली रुळली. तिच्यात पाच-सात रेघा एका वळशात मिसळून जातात. कुंचला कागदावरून फारसा उठत नाही. ज्याला फक्त छापील अक्षर ठाऊक आहे त्याला हा नुसता गुंता दिसतो. ज्याच्या हातात क्रम आहे तो मात्र वाचतो, कारण त्याला ठाऊक असतं की या अक्षरात आडवीनंतर उभी येते, म्हणून त्या दोहोंना जोडणारा वळसा इथेच पडणार. शाईने मागे सोडलेला माग तो उलगडत जातो. रेघांचा क्रम सगळ्यांचा एक असेल तरच हे घडू शकतं. दहा जणांनी दहा क्रमांनी लिहिलं, तर सावकाश लिहिलेलं अक्षर सारखंच दिसेल, पण घाईत लिहिलेली दहा अक्षरं दहा तऱ्हांची होतील आणि कुणाचं कुणाला वाचता येणार नाही. क्रमाच्या आग्रहाचं खरं मर्म, म्हणजे मघाचं तिसरं उत्तर, इथे आहे. सुवाच्य अक्षराला त्याची गरज कमी लागते. गरज लागते ती गिचमिड अक्षराला.

याचा पुरावा चीनच्या छापील पुस्तकातच आहे. पुस्तक या अर्थाच्या जुन्या अक्षरात दहा रेघा होत्या. १९५६ साली चीन सरकारने अक्षरं सोपी करायला घेतली, तेव्हा त्याची चार रेघांची आवृत्ती स्वीकारली. ती कुणी टेबलाशी बसून रचली नव्हती. धावत्या हाताने शतकानुशतकं तशीच लिहिलेली होती, सरकारने तिला छापील दर्जा दिला. जपानची हिरागाना लिपी तर सबंध अशीच जन्मली. चिनी अक्षरं झरझर लिहिता लिहिता जे वळसे उरले, तीच तिची अक्षरं झाली.

मग क्रम एकच, आणि तोच बरोबर? इथे जपानने एक छान गोष्ट करून ठेवली आहे. डावा आणि उजवा या अर्थांच्या अक्षरांच्या माथ्यावर आडवी आणि तिरकी अशी तीच जोडी असते. चीनमध्ये दोन्हींत आडवी आधी. जपानमध्ये डाव्यात आडवी आधी, उजव्यात तिरकी आधी. शेत या अर्थाचं, चार खणांच्या चौकटीसारखं दिसणारं अक्षर घ्या. आतल्या फुलीची आडवी रेघ चीनमध्ये आधी, जपानमध्ये उभी आधी. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ साली क्रमाची मार्गदर्शक पुस्तिका काढली, तेव्हा इथे न दिलेले क्रम चुकीचे ठरवायचा आपला हेतू नाही, असं तिच्यातच सांगून ठेवलं. चीनचा ताजा सरकारी आदर्श २०२१ सालच्या मार्चपासून लागू आहे. म्हणजे क्रम निसर्गातून आलेला नाही, तो समाजाचा करार आहे. कोणता क्रम याला दुय्यम महत्त्व. सगळ्यांनी एकच पाळावा, याला पहिलं.

डहाणू-तलासरीच्या वारल्यांकडे करार आणखी वेगळा आहे. लग्नाआधी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, आत पालघट देवी येते आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. तिथे कोणी लिहायचं आणि केव्हा लिहायचं हे पक्कं ठरलेलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हीच रेघ लग्नघराबाहेर कागदावर आणली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या कराराच्या बाहेरही ती रेघ तितकीच जिवंत राहते हे जगाने बघितलं.

चिनी रेघांशी झटलेली मराठी माणसंही आहेत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातले पु. वि. बापट पाली भाषेचे पंडित. विमुत्तिमग्ग या बौद्ध ग्रंथाचा पाली मूळ पाठ हरवला, पण सहाव्या शतकात झालेला चिनी अनुवाद उरला. बापटांनी तो चिनीतून वाचला, बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गाशी ताडून बघितला आणि १९३७ साली तो तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. जुना चिनी कोश उघडायचा तर आपल्यासारखी अकारविल्हे सोय नाही. १७१६ सालचा खांगशी कोश अक्षरांना २१४ मूळ घटकांखाली मांडतो आणि प्रत्येकाखाली उरलेल्या रेघा मोजून. कोपऱ्यात वळणारी रेघ एक की दोन, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला कोशातला शब्द सापडतच नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथल्या रणांगणावर राहिले, चिनी बोलायला आणि लिहायला शिकले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांनाही हंग आणि शूपासूनच सुरुवात करावी लागली असणार.

क्रमाचं महत्त्व संगणकानेही कमी केलेलं नाही. चिनी मोबाइलवर पाच प्रकारच्या रेघांना पाच कळा देऊन टाइप करायची सोय आहे. रेघांचा क्रम ठाऊक असेल तर उच्चार न येणारं अक्षरही काढता येतं. आपण फोनच्या पडद्यावर बोटाने मराठी लिहितो, तेव्हाही यंत्र बहुधा बोटाचा मार्ग वाचतं, नुसतं चित्र वाचत नाही. आणि त्याला देवनागरीत सर्वांत जास्त छळणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे आपली शेवटी येणारी रेघ, कारण ती सगळ्या अक्षरांवरून एकदम जाते आणि कोणत्या अक्षराची किती हे यंत्राला ठरवावं लागतं. कमळाच्या डोक्यावरची ही साधी रेघ अभियंत्यांची परीक्षा घेते.

आपल्याकडे अक्षरांच्या रूपांवर सरकारी निर्णय झाले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठीच्या वर्णमालेचा आणि अक्षररूपांचा निर्णय काढला. ल आणि श कसे दिसावेत हे त्यात ठरलं. ते कोणत्या क्रमाने लिहावेत, हे अजून बाईंच्या हातावर सोपवलेलं आहे. बालवाडीच्या सरावपुस्तकांत बाण आणि आकडे असतात, पण ते पुस्तकागणिक बदलतात. देवनागरी आता घाईत फारशी कुणी लिहीत नाही, त्यामुळे यात मोठं नुकसान नाही.

मोडीबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात, भारत इतिहास संशोधक मंडळात, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आणि कितीतरी घरांत मोडी कागद वाचणाऱ्याची वाट बघत पडले आहेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तालुक्या-तालुक्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा आहे, वर्ग भरतात, पुस्तकं मिळतात. पण बरेच जण तक्ता समोर ठेवून मोडी डोळ्यांनी शिकायला जातात. तक्त्यातलं अक्षर येतं आणि खरा कागद हातात आला की अडतात, कारण कागदावर अक्षरं नसतात, धावलेल्या हाताचा माग असतो. तो माग उलगडायचा तर आपल्या हाताने तोच मार्ग चालून बघितला पाहिजे.

म्हणून मोडी वाचायला शिकायचं असेल, तर आधी लिहायला शिका. बोरू नसला तरी चालेल, साधा पेन घ्या. कागदभर रेघ ओढा आणि हात न उचलता तिच्याखाली अक्षरं घोटा. महिनाभर कित्ता गिरवल्यावर आजोबांच्या ट्रंकेतला कागद पुन्हा काढा. आणि तोवर तो रद्दीत घालू नका.